सगळ्यांना जागा देणाऱ्या समितीचं इतिवृत्त

विद्यापीठाला विद्यार्थ्यांवाचून चार-दोन वर्षं काढता येतात. घोषवाक्यावाचून एक दिवस निघत नाही. विद्यार्थी नसले तर निदान संडास स्वच्छ राहतात. घोषवाक्य नसलं तर मात्र आपण नेमके कशासाठी आहोत हे कोणीतरी विचारेल, ही भीती राहते. आमच्या ओस्त्रोवग्राद विद्यापीठाने हे सत्य वेळेवर ओळखलं, याबद्दल त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. गेल्या वीस वर्षांत आमचे निम्मे विद्यार्थी जर्मनीला गेले, उरलेल्यांतले निम्मे राजधानीला, सोफियाला गेले, आणि बाकीचे (माझ्या अंदाजाने) बॅगा भरतायत. डॅन्यूब नदी तेवढी जागेवर आहे, पण तीही वाहतीच.

मी मेतोदी. प्रवेश विभागात खिडकी क्रमांक चारवर तेवीस वर्षं बसतो. खिडकी चारचं काम एकच: अर्जदाराचे कागद बघायचे आणि त्यांवर 'पडताळले' असा गोल शिक्का मारायचा. तो पडल्याशिवाय अर्ज खिडकी पाचवर जात नाही, आणि पाचवर गेल्याशिवाय प्रवेशपरीक्षेला बसता येत नाही. शिक्का पितळी आहे, चांगला पावशेर वजनाचा. नियम सतरा असा की शिक्का खिडकीत किंवा खणात ठेवायचा नाही, कारकुनाने तो सदैव अंगावर बाळगायचा. (माझ्या आधीच्या कारकुनाच्या खणातला शिक्का कोणीतरी पळवून एका लग्नाच्या पत्रिकेवर मारला होता. लग्न मोडलं, पण विद्यापीठाच्या मते ते आजही पडताळलेलं आहे.) हे सगळं मी आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

तर, मे महिन्यात आमचे रेक्टर (म्हणजे कुलगुरू), प्राध्यापक क्रस्तान पेल्तेकोव, यांनी सोफियाहून यासेन नावाचा एक जाहिरातवाला आणवला. यासेन तीन दिवस विद्यापीठात फिरला, कोणाशीही बोलला नाही, आणि चौथ्या दिवशी घोषवाक्य घेऊन आला: 'इथे सगळ्यांना जागा आहे.' रेक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाक्य खरंही होतं. आठशे आसनांच्या आमच्या सभागृहात त्या वर्षी एकशे दहा विद्यार्थी बसत होते. जागाच जागा होती. सकाळी दहा वाजता मुख्य दारावर फलक चढला. अकरा चाळीसला पहिली हरकत आली.

ती डावखुऱ्यांची होती. सभागृहातल्या खुर्च्यांना लिहायची फळी उजवीकडे असते, मग 'सगळ्यांना' कसं म्हणता, असा त्यांचा सवाल. मुद्दा बिनतोड होता. दुपारपर्यंत बास्केटबॉल मंडळाचं पत्र आलं की जागा आहे, पण गुडघ्यांना नाही. वेटरांच्या संघटनेने कळवलं की जागा म्हणजे बसायचीच असं गृहीत धरून उभ्याने पोट भरणाऱ्यांचा अपमान झाला आहे. निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं की सगळ्यांना जागा आहे तर आमची का काढून घेतली. एकांतप्रियांच्या मंडळाने लिहिलं की तिथे 'सगळे' असणार असतील तर आम्हाला यायचंच नाही, हा आम्हाला घालवून देण्याचा डाव आहे. हे निवेदन द्यायला कोणी आलं नाही, ते दाराखालून सरकवण्यात आलं. आठवड्याअखेर एकूण एकशे त्रेचाळीस हरकती जमल्या. त्यांपैकी अडतीस एकट्या गेन्को नावाच्या गृहस्थाच्या होत्या. त्याला कशातूनच वगळलेलं नव्हतं, आणि वगळलेल्यांच्या यादीतून आपल्यालाच का वगळलं, एवढंच त्याचं अडतीस वेळा म्हणणं होतं.

गाव पेटलं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. चौकातल्या कॅफेत 'इथे'वाल्यांचं टेबल वेगळं आणि 'सगळ्यांना'वाल्यांचं वेगळं झालं. गावच्या दूरदर्शन वाहिनीवर चार रात्री चर्चा झाली, त्यात एक खाटीक आणि एक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि (नोंद म्हणून सांगतो) बाजू खाटकाचीच वरचढ ठरली. शेवटी रेक्टरांनी जाहीर निवेदन केलं: "या विद्यापीठात कोणालाही वगळलं जात नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी खुशाल बाहेर जावं."

त्यानंतर समिती नेमण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सर्वसमावेशकता समिती. आधी सतरा सदस्य होते. ज्यांना घेतलं नाही त्यांनी आपल्याला वगळल्याची तक्रार केली, म्हणून त्यांनाही घेतलं, आणि संख्या शेहेचाळीसवर गेली. बैठकीच्या खोलीत माणसं मावेनात, म्हणून बैठका व्यायामशाळेत. मागून आलेले सदस्य भिंतीवरच्या लाकडी दांड्यांना लटकून मतदान करायचे. इतक्या माणसांचं बोलणं टिपून घ्यायला सुवाच्य अक्षराचा माणूस हवा होता. सगळ्या विद्यापीठात अजून हाताने लिहिणारा मी एकटाच. तेव्हा खिडकी चारची काच खाली ओढली, पाटी लावली, 'कारकून समितीच्या कामात आहे', वही घेतली आणि गेलो. खरं सांगतो, तेवीस वर्षांत मला कोणी कुठल्या बैठकीला बोलावलं नव्हतं. मला आनंद झाला.

पाटी लावली त्याच सकाळी नेर्मिन हसानोवा पहिल्यांदा आली.

नेर्मिनबाईंना गावात सगळे ओळखतात. गेली एकतीस वर्षं आमच्या पदवीदान समारंभाचे काळे झगे त्याच शिवतात. वय सत्तावन्न. हातात निळी फाइल, ब्लाउजच्या कॉलरमध्ये दोन सुया टोचलेल्या. मी वही काखेत मारून निघालो होतो, त्यांनी मला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं.

"बाय मेतोदी, एक शिक्का मारायचाय." (आमच्याकडे 'बाय' म्हणजे दादा.)

"कोणाचा अर्ज? नातवाचा?"

"माझा. गणित शिकायचंय."

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं.

"हसा, हसा," त्या म्हणाल्या. "सपाट कापडाचं गोल खांद्यावर बसणारं काहीतरी करते मी रोज. त्याला काय म्हणतात ते तरी कळू दे. आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांचे झगे शिवतेय. एक माझ्या मापाचा शिवून पेटीत ठेवलाय, त्याला कसर लागायच्या आत घालायचाय."

मी फाइल उघडली. शाळेचं प्रमाणपत्र १९८६ सालचं, सहापैकी सहा गुण, नाव नेवेना आसेनोवा. ओळखपत्र आजचं, नाव नेर्मिन हसानोवा. आमच्या भागात याचं कोणाला आश्चर्य वाटत नाही. त्या वर्षांत सरकारने तुर्की माणसांची नावं एका हिवाळ्यात बदलून टाकली होती. शाळेत हजेरीला नेर्मिन म्हणून गेलेली मुलगी नेवेना होऊन घरी आली. चार-पाच वर्षांनी नावं परत मिळाली, पण प्रमाणपत्रं छापून झाली होती. नेवेना आणि नेर्मिन एकच आहेत असा नगरपालिकेचा दाखलाही फाइलमध्ये होता. कागद चोख होते. फक्त माझा शिक्का पडायचा राहिला होता.

"मुदत कधी?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, पण विचारायची पद्धत आहे.

"तीस जून, दुपारी चार. आणि पुढच्या वर्षीपासून नव्वदच्या आधीची प्रमाणपत्रं तुम्ही घेणार नाही म्हणता. म्हणजे मला हे एकच वर्ष आहे."

"मग पुष्कळ वेळ आहे," मी म्हणालो. "आज समिती आहे. वगळलेल्यांचाच प्रश्न घेतलाय."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कोणीतरी घ्यायला हवाच होता."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही. माझा नाइलाज होता. समितीचं काम रंगात आलं होतं. 'इथे' या शब्दाने नदीपलीकडचे रोमेनियन वगळले जातात का, यावर पावणेपाच तास चर्चा झाली आणि रोमेनियनांनाच विचारायला एक होडी पाठवण्याचं ठरलं. (होडी गेली. होडीवाला तिथेच राहिला, त्याला तिकडे बरी नोकरी मिळाली.) खायला रोज चीज घातलेली गरमागरम बानित्सा आणि ताक असायचं. ज्यांना चीज चालत नाही त्यांच्यासाठी उपसमिती होती. अशा वातावरणात माणसाला वेळेचं भान कसं राहावं?

एकदा मशीनपाशी उभं असताना नेर्मिनबाईंची नजर माझ्या कोटाकडे गेली.

"बाय मेतोदी, उजवा खिसा लोंबतोय की हो. दगड भरलेत काय?"

"सरकारी आहे," मी म्हणालो.

"सरकारी असलं म्हणून काय झालं, शिवण उसवलीय. थांबा." कॉलरमधली सुई काढून त्यांनी तिथल्या तिथे, माझ्या अंगावरच, खिसा शिवून दिला. दुहेरी टाका घातला, दोरा दातांनी तोडला. "आता कितीही जड ठेवा, पडायचं नाही. शिक्क्याचं काय?"

"समिती आहे," मी सांगितलं आणि थाप मारत नव्हतो. आमची खरोखरच समिती होती.

जूनच्या मध्याला समितीने ऐतिहासिक निर्णय घेतला: घोषवाक्यापुरतं वगळणं थांबवून उपयोग नाही, पोस्टरच सर्वसमावेशक केलं पाहिजे. मग एकेक हरकत घेऊन यासेनचं रंगीत पोस्टर सुधारण्यात आलं. ही कारवाई मी स्वतः टिपली आहे, तिच्यात तर्काची एकही फट नाही. रंगीत पोस्टरमुळे रंगांधळे वगळले जात होते, म्हणून ते काळं-पांढरं केलं. मंद नजरेच्या लोकांना कागद कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना, म्हणून भोवती जाड काळी चौकट आखली. छोट्या फळ्यांवर अन्याय नको, म्हणून आकार वहीच्या पानाएवढा. विद्यापीठात कधीच न येणारे वगळले जाऊ नयेत, म्हणून ते विजेच्या खांबांवर, बसथांब्यांवर आणि घरांच्या दारांवर चिकटवायचं ठरलं. त्यावर चित्रातल्या नटी नकोत, गावातल्या खऱ्या माणसाचा चेहरा हवा, खाली नाव हवं. वय लपवणं हा ज्येष्ठांचा अपमान, म्हणून जन्माचं साल हवं. नुसतं जन्माचं साल उघडंबोडकं दिसतं, म्हणून पुढे रेघ मारून विद्यापीठात दाखल होण्याचं साल हवं.

आता, आमच्याकडे माणूस गेला की घरच्यांची रीत काय असते? वहीच्या पानाएवढा कागद, जाड काळी चौकट, मध्ये फोटो, खाली नाव आणि दोन सालं. तो खांबांवर, थांब्यांवर, दारांवर चिकटवतात. बल्गेरियात मूल वाचायला शिकतं तेच मुळी त्या कागदांवरून. शेहेचाळीस सदस्य, सगळे इथलेच, सगळ्यांच्या घरचं कोणी ना कोणी कधीतरी खांबावर लागलेलं. पण ठराव एकमताने मंजूर झाला. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, असं मागून कळलं. पण बोललो तर कोणीतरी दुखावलं जाईल, म्हणून प्रत्येकाने तोंड मिटून हात वर केला.

चेहरा कोणाचा हा प्रश्न यासेनने दोन मिनिटांत सोडवला. तो बाहेर आला तर खिडकी चारसमोरच्या बाकावर नेर्मिनबाई बसलेल्या.

"हा चेहरा," तो हळूच मला म्हणाला. "काय चेहरा आहे! कोण आहे ही?"

"अर्जदार."

"वगळलेली?"

"तसं नाही, फक्त शिक्का राहिलाय."

"झकास," यासेन म्हणाला.

नेर्मिनबाईंनी फोटोला होकार दिला, पण अटीवर. "आधी शिक्का."

"बाई, फोटो लागला की शिक्का काय, रेक्टर स्वतः दारात उभे राहतील," यासेनने सांगितलं. त्या हसल्या, आणि तो हसरा चेहरा त्याने टिपला. नाव फाइलमधल्या पहिल्या कागदावरून उतरवलं. पहिला कागद शाळेचा होता.

सोमवारी सकाळी ओस्त्रोवग्राद जागं झालं तेव्हा दोनशे चाळीस खांबांवर काळ्या चौकटीत एक हसरी बाई होती, खाली 'नेवेना आसेनोवा, १९६८–२०२५', आणि त्याखाली आमचं घोषवाक्य. लोक थबकले, टोप्या काढल्या, पुढे गेले. घोषवाक्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. उलट एवढ्या समजूतदार शब्दांत शोक व्यक्त केल्याबद्दल विद्यापीठाकडे सात आभारपत्रं आली. (मे महिन्यापासूनची ही पहिली अनुकूल पत्रं. रेक्टरांनी ती चौकटीत घालून लावली. काळ्या नव्हे, सोनेरी.)

नऊ वाजता नेर्मिनबाई नेहमीच्या बाकावर येऊन बसल्या.

"बाय मेतोदी, मी गेले म्हणे."

"ऐकलं खरं."

"शेजारीण मयताच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू घेऊन आली, पिठीसाखर पेरून. मीच दार उघडलं तर ताटली तिच्या हातातून पडली. नवऱ्याला दुकानात लोक मिठी मारतायत, तो बिचारा नाही म्हणेपर्यंत एकाने गल्ला सांभाळायला आपला भाचा बसवून दिला." मग त्या हसायच्या थांबल्या. "ते जाऊ दे. पण नाव तेच का हो लावलंत? ते मला एका सकाळी सही करायला लावून दिलं होतं. चाळीस वर्षं झाली. आता गावभर मी त्याच नावाने गेले."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी म्हणालो, "हे मी आजच्या इतिवृत्तात घेतो."

तेवढ्यात पारास्केवाबाई आल्या. ह्या नेर्मिनबाईंच्या शाळेतल्या गणिताच्या बाई; प्रमाणपत्रावर सही त्यांचीच. वय नव्वदीच्या आसपास, काठी टेकत, हातात सहा कार्नेशन. आमच्याकडे गेलेल्यांना सम फुलं वाहतात, जिवंतांना विषम देतात. बाईंनी खांबावरचा कागद वाचून अंत्यविधीचा पत्ता विचारायला विद्यापीठ गाठलं होतं. बाकावर बसलेल्या नेर्मिनकडे त्यांनी चष्म्यातून नीट पाहिलं, मग जुडीतलं एक फूल उपसून माझ्या हातात दिलं, आणि उरलेली पाच तिच्यापुढे धरली.

"घे. तेव्हाच म्हटलं होतं तुला की पुढे शीक. एवढा उशीर कशाला केलास?"

"शिक्का राहिलाय, बाई."

पारास्केवाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फूल घेऊन समितीला गेलो.

दुपारपर्यंत भानगड वाढली. खिडकी पाचवरच्या राइनाने सकाळी येताना खांब वाचला होता, आणि कर्तव्यदक्षतेने नेवेना आसेनोवाच्या नावापुढे 'मयत' अशी नोंद केली होती. नोंद एकदा झाली की ती खोडायला संबंधिताने स्वतः यावं लागतं, आणि मयताने येण्याची सोय नियमात नाही. प्रकरण विधी सल्लागाराकडे गेलं. त्याने दिलेलं मत मी शब्दशः उतरवतो, कारण इतकं निर्दोष गद्य आमच्याकडे वारंवार घडत नाही: 'नेवेना आसेनोवा यांच्याकडे आवश्यक शालेय पात्रता आहे, परंतु त्या हयात नाहीत. नेर्मिन हसानोवा हयात आहेत, परंतु त्यांच्याकडे शालेय पात्रता नाही. दोघी एकच असल्याचा नगरपालिकेचा दाखला ग्राह्य धरता येईल, मात्र तो खिडकी क्रमांक चारकडून पडताळला गेलेला असावा.'

म्हणजे बघा, फिरून सगळं माझ्याच शिक्क्यावर आलं. मला थोडं भरूनही आलं. कारकुनाच्या आयुष्यात असा मान फार थोड्यांना मिळतो.

तीस जूनला समितीची शेवटची बैठक होती. सकाळपासून नेर्मिनबाई बाकावर, मांडीवर निळी फाइल, शेजारी ग्लासात पाच कार्नेशन. मी जाताना म्हणालो, "आज निकाल लागतो सगळ्याचा."

"चारच्या आत लावा," त्या म्हणाल्या.

व्यायामशाळेत नुसती धमाल होती. घोषवाक्याचे एकशे सात पाठभेद मतदानाला होते. गेन्कोला अखेर सदस्य करून घेतलं होतं, आणि आता आपल्याला तक्रार करण्यापासून वगळल्याची त्याची एकोणचाळिसावी हरकत आली. दांड्यांना लटकलेल्यांपैकी दोघे खाली पडले, ते मतमोजणीत तटस्थ धरले. रेक्टर दोनदा रडले. कोणीतरी अकॉर्डियन आणलं होतं. माझी बोटं दुखायला लागली तरी मी लिहीतच होतो. एक शब्द सुटू दिला नाही.

चारला पंधरा मिनिटं असताना दारात गडबड ऐकू आली. पहारेकरी म्हणत होता, "फक्त सदस्य आणि वगळलेले."

"मी वगळलेलीच आहे," नेर्मिनबाईंचा आवाज.

"तसा अर्ज आहे?"

"हा काय."

"यावर शिक्का नाही. वगळलेल्यांचा अर्ज खिडकी चारवर पडताळून आणा, मग सोडतो."

"खिडकी चार आत बसलीय."

"मग ती बाहेर आली की या."

मी हे ऐकलं. खाली बघून लिहिलं: 'दारात किरकोळ व्यत्यय.' मग लगेच मतदान पुकारलं गेलं, आणि तीन सत्तावन्नला अंतिम घोषवाक्य टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झालं: 'इथे सगळ्यांना जागा आहे (समितीच्या निर्णयास अधीन राहून).' अकॉर्डियन वाजायला लागलं, सत्तेचाळीस माणसं एकमेकांचे हात धरून गोल नाचायला लागली. मलाही ओढलं. मी नाचलो. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच.

बाहेर आलो तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती. बाकावर त्या एकट्याच होत्या.

"बाय मेतोदी," त्या म्हणाल्या, "एक विचारू? तो शिक्का असतो कुठे?"

मी उजवा खिसा थोपटला. "इथे."

"आज आहे?"

"रोज असतो. नियमच आहे तसा, अंगावर बाळगायचा."

"मशीनपाशी कॉफी पिताना?"

"हो."

"मी खिसा शिवला तेव्हा?"

"तेव्हाही."

त्या रागावतील असं मला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला इतिवृत्तात काही लिहिता आलं असतं. त्यांनी पुढे वाकून खिशावरून अंगठा फिरवला, गिऱ्हाइकाला कपडा देताना फिरवतात तसा. "टाका चांगला बसलाय," त्या म्हणाल्या. फाइल उचलली, फुलांचा ग्लास माझ्या खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि गेल्या. सकाळसारखीच ग्लासात पाच होती, आणि माझ्याजवळ वहीत दाबलेलं एक. मी मोजली, सहा झाली.

समितीचा अहवाल उत्तम आला. समावेशकता शंभर टक्के, हरकती शिल्लक शून्य, यशस्वी उदाहरण एक (फोटोसह). सप्टेंबरच्या समारंभासाठी रेक्टरांचा नवा झगा नेर्मिनबाईंनीच शिवला. खांद्यावर इतका बेतशीर बसला की सगळ्यांनी विचारलं, हे कसं जमवता. पोस्टरं अजून खांबांवर आहेत. काळ्या चौकटीचा कागद आमच्याकडे कोणी फाडत नाही, पावसानेच जायचा असतो. मी सकाळी येताना त्यांतल्या तीन-चारांवरून जातो आणि टोपी काढतो.

आता तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघताय ती मला कळते. पण जरा थांबा. शिक्का अंगावर असतो हे मी तुम्हाला दुसऱ्याच परिच्छेदात सांगितलं होतं, वजनासकट. खिसा का लोंबतो हेही तुमच्या देखत शिवलं गेलं. तीस जून, दुपारी चार, हेही तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की मेतोद्या, गप्प बस आणि शिक्का मार. तुम्हाला पुढची हरकत कोणाची ते हवं होतं. साहजिक आहे, मलाही तेच हवं होतं, समिती रंगली होती. म्हणून मी तुमचं नाव सुचवलंय. समितीत एक जागा रिकामी आहे. तिला अर्ज लागत नाही, आणि शिक्काही नाही.